मापातील पाप

मराठी भाषेत ‘माप’ हा शब्द केवळ मोजण्याच्या भांड्यापुरता राहिलेला नाही. नववधू सासरच्या घरी पहिले पाऊल टाकते ते तांदळाने भरलेले माप ओलांडून. कोणी पक्षपात केला की त्याने अमक्याला झुकते माप दिले, असे आपण म्हणतो. आणि व्यवहारातील लबाडीला तर ‘मापात पाप’ हे नाव आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. पापाचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील मापाचेच पाप नित्याच्या बोलण्यात इतके रुजावे, याला कारण असले पाहिजे. चोर अंधारात येतो व आपल्या नकळत नेतो. माप मारणारा मात्र भर दिवसा, आपल्या डोळ्यांसमोर, आपल्याच संमतीने नेतो आणि वर आपल्याकडून दाम घेतो. त्याच्या पापात आपला विश्वास हेच हत्यार असते. म्हणूनच ते अधिक बोचते.

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत आमच्या लहानपणी आम्ही पाहिलेली आहे. लाभ, दोन, तीन अशी मोजणी चाले. कुडवाच्या काठावरून हात फिरे, चार दाणे खाली सांडत आणि मोजणारा व मोजून घेणारा दोघेही त्या काठाकडे पाहत असत. देवस्थानच्या कोठारात येणारे धान्यही असेच मोजले जाई. आता ती खळी राहिली नाहीत, कुडवही दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यापुरते उरले. मग आजच्या माणसाचा मापाशी संबंध कोठे येतो? पुड्यातील पीठ, पिशवीतील दूध, डब्यातील तेल ही सारी आधीच मोजून बंद केलेली असतात. आपल्या समोर मोजले जाते आणि आपण उभे राहून ते मोजून घेतो, अशी जागा गावात शोधू गेल्यास मासळीबाजार व फुलांचे दुकान वगळता एकच ठळकपणे दिसते. ती म्हणजे पेट्रोल पंप.

आमच्या अंत्रुज महालातील गावाच्या वेशीवर असा एक पंप आहे. देवळाकडे जाणारा रस्ता जेथे हमरस्त्याला मिळतो, तेथेच तो उभा आहे. पहाटे काकडआरतीच्या सुमारास तेथे पहिली वाहने येतात ती मासळीच्या टेम्पोंची. त्यानंतर पाठीशी प्रवासी बसवून हिंडणारे पायलट, सोवळ्याची पिशवी हँडलला अडकवून यजमानाकडे निघालेले भटजी, शाळेत जाणाऱ्या शिक्षिका आणि दहा वाजल्यानंतर काळ्या पाटीवर पिवळे आकडे मिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्या घेऊन पर्यटक. जत्रेच्या दिवसांत तर रांग रस्त्यापर्यंत जाते. देवाच्या दारी सर्व सारखे, असे आपण म्हणतो. परंतु पंपाच्या रांगेतही लक्षाधीशाची मोटार व पायलटाची दुचाकी एकाच नळाखाली उभी राहते, हे मान्य केले पाहिजे.

या रांगेत उभे राहून लोकांचे बोलणे ऐकले तर एक गोष्ट ध्यानात येते. तेथील प्रत्येकाला आपण कधी ना कधी फसवले गेलो, अशी खात्री आहे व त्यावर प्रत्येकाने आपापला तोडगा शोधून काढला आहे. कोणी शंभराचे वा दोनशेचे न मागता एकशे दहाचे, दोनशे सातचे मागतो. कारण यंत्राची लबाडी ठरावीक आकड्यांवरच बसवलेली असते, असे त्याने ऐकलेले आहे. कोणी पहाटेच भरतो; कारण उन्हाने पेट्रोल फुगते. हे दुसरे सर्वस्वी खोटे नाही. दहा अंशांनी उष्णता वाढली की पेट्रोलचे आकारमान सुमारे एक टक्क्याने वाढते. परंतु पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली असते व तेथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोहोचत नाही; त्यामुळे या पहाटेच्या जागरणाचे फळ अल्पच. एका वृद्ध पायलटाने आम्हांला आपला मंत्र सांगितला होता : “नदर मीटराचेर, विस्वास देवाचेर.” विक्रेत्यावर कोठेच नाही, हे त्या वाक्यात न बोलताच आलेले आहे.

हा संशय निराधार आहे, असेही म्हणता येत नाही. पाचशेचे मागितले असता दोनशेवर नळ थांबवायचा, ‘दोनशेच ऐकू आले’ असे म्हणायचे, मग मीटर शून्यावर न आणता तसाच तीनशेपर्यंत पुढे न्यायचा आणि पाचशे घ्यायचे, ही युक्ती अनेकांनी अनुभवलेली आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने घातलेल्या छाप्यांत कित्येक पंपांच्या यंत्रांत लपवलेल्या इलेक्ट्रॉनिक चकत्या सापडल्या. त्यांच्यामुळे आकडा पुरा दिसे व पेट्रोल कमी पडे. त्याच वर्षी ठाण्याच्या पोलिसांनी महाराष्ट्रातही अशीच प्रकरणे उघडकीस आणली. आणि येथेच या व्यवहाराचे वेगळेपण दिसून येते. धान्य डोळ्यांना दिसते, मासळी हातात घेऊन पाहता येते. पेट्रोल मात्र जमिनीखालच्या टाकीतून नळीवाटे वाहनाच्या टाकीत जाते. एका अंधारातून निघून दुसऱ्या अंधारात पडते. ग्राहकाच्या वाट्याला येतो तो केवळ एक चकाकणारा आकडा. वस्तू न पाहता केवळ आकड्यावर दाम मोजायचे, म्हणजे हा विक्रीचा व्यवहार असूनही श्रद्धेच्याच जवळ जाणारा होय.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, येथे माणसाचा धर्म कोणता? संशय घेणे हे पाप, की न घेणे हे पाप?

एक पक्ष म्हणेल, समोरचा मनुष्य आपल्यासारखाच पोटासाठी उभा आहे. त्याच्याकडे चोर म्हणून पाहणे हा त्याच्या माणुसकीचा अपमान आहे. दहा-वीस रुपयांचे पेट्रोल गेले तरी चालेल, परंतु मन मळू नये. हा पक्ष ऐकावयास उदात्त वाटतो. परंतु त्यात एक लबाडी दडलेली आहे. ज्याला वीस रुपये गेल्याचे काही वाटत नाही, तोच असे म्हणू शकतो. दिवसाकाठी मोजक्या फेऱ्या मिळणाऱ्या पायलटाला ते वीस रुपये म्हणजे मुलाच्या वह्या असतात. आपण डोळे झाकून सोडून दिलेली लबाडी आपल्यामागे रांगेत उभ्या असलेल्याच्या माथी बसते. आपल्या पैशांवर उदार होणे निराळे आणि दुसऱ्याच्या पैशांवर उदार होणे निराळे.

आपल्या पूर्वजांनीही हा भोळेपणा धर्म म्हणून सांगितलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख ठेवण्यासाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे. मनुस्मृतीत राजाने दर सहा महिन्यांनी तराजू व मापे पुन्हा तपासावीत, असे सांगितले आहे. स्वतंत्र भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धती आणली आणि आज २००९ सालचा कायदा लागू आहे. पंपाच्या यंत्रावर सरकारी मोहोर असते. पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावेच लागते व कोणाही ग्राहकाला ते भरून दाखवा, असे म्हणण्याचा अधिकार आहे. भेसळीची शंका आल्यास गाळणकागदावर थेंब टाकून पाहता येतो. शुद्ध पेट्रोल उडून जाते व कागदावर डाग राहत नाही. म्हणजे स्मृतिकार काय आणि आजचे शासन काय, दोघांनीही विक्रेत्याच्या सज्जनतेवर सारे सोपवलेले नाही. तपासणी ही व्यवहाराची मर्यादा आहे.

इतके सारे आम्हांस ठाऊक होते. तरीही गेल्या माघातील जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्या हातून जे घडले, ते येथे सांगितल्यावाचून या विवेचनाला अर्थ नाही.

त्या दिवशी बाहेरगावच्या पाहुण्यांना आणण्यासाठी आम्ही मोटारीची टाकी पूर्ण भरावयास सांगितले. पेट्रोल सोडणारा मुलगा खानापूर तालुक्यातील होता. मराठी आपलेच, थोडे बेळगावी हेलाचे. “झिरो बघा, काका,” असे तो दरवेळी म्हणे. त्या दिवशीही म्हणाला. आम्ही पाहुण्यांच्या विचारात होतो. पाहिले न पाहिल्यासारखे केले. काटा जवळजवळ तळाला होता. टाकी भरून नळ आपोआप थांबला. मागच्या एका मोटारवाल्याने ‘काठोकाठ भरून दे रे’ म्हटले तसे आम्हीही म्हटले, म्हणून त्याने आणखी थोडे सोडले. मीटरवर अडतीस लिटरांच्यावर आकडा आला. आमच्या मोटारीच्या पुस्तिकेत टाकी पस्तीस लिटरांची लिहिलेली होती. पस्तिसात अडतीस मावलेच कसे? आमचा आवाज चढला. ‘चोरी’ हा शब्द आम्हीच प्रथम उच्चारला.

पाहता पाहता माणसे जमली. प्रत्येकाच्या मनात जुन्या फसवणुकीची ठिणगी होतीच. कोणी म्हणाले, “हे बाहेरून आलेले सगळे असेच.” त्या मुलाने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही वयाने मोठे, देवस्थानच्या महाजनांपैकी एक; आमच्या एका शब्दाने ते बोलणे थांबले असते. आम्ही तो शब्द उच्चारला नाही. त्या क्षणी ते बोलणे आमच्या बाजूचे होते.

पंपाच्या व्यवस्थापकाने पाच लिटरचे माप आणले. त्याच मुलाने शून्य दाखवून सर्वांदेखत ते भरले. पेट्रोल रेषेला बरोबर टेकले. पुन्हा भरले, पुन्हा तेच. गर्दी पांगली. चोर सापडला असता तर ती पांगली नसती, हेही तेव्हाच जाणवले. ज्यांनी ‘असेच’ म्हटले होते, त्यांपैकी एकानेही जाताना त्या मुलाकडे पाहिले नाही. आम्ही पैसे दिले, ‘यंत्र ठीक दिसते’ एवढे पुटपुटलो आणि निघालो. यंत्राची निर्दोषता आम्ही मान्य केली. त्या मुलाची नव्हे.

पुढे गॅरेजमधील कारागिराने उलगडा केला. पुस्तिकेतील आकडा हा टाकीचा नेमून दिलेला साठा असतो. पेट्रोलला फुगावयास जागा राहावी म्हणून कारखानदार वरची पोकळी त्यात धरत नाहीत. मानेपर्यंत भरू गेल्यास कितीतरी अधिक मावते आणि तसे भरूही नये. म्हणजे चूक आमच्या अज्ञानाची व आमच्याच हव्यासाची होती. आठ दिवसांनी आम्ही पंपावर गेलो ते त्या मुलाला दोन शब्द सांगावेत म्हणून. तो गावी गेला होता. परत येणार की नाही, ते कोणाला सांगता आले नाही. आमच्यामुळे गेला असे मानावयास आधार नाही. आमच्यामुळे गेला नाही असे मानावयासही नाही.

या प्रसंगानंतर महाभारताच्या शांतिपर्वातील जाजलि व तुलाधार यांचे आख्यान आम्हांस निराळ्या रीतीने दिसू लागले. जाजलि हा घोर तपस्वी. तो इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, पिले वाढली, उडून गेली. तेव्हा त्याला आपल्या धर्माचा गर्व झाला. वाराणसीतील तुलाधाराची सर तुला येणार नाही, अशी वाणी त्याने ऐकली व तो त्या वाण्याच्या दुकानी गेला. व्यासांनी धर्माचा उपदेश अशा माणसाच्या तोंडी घातला आहे की ज्याच्या हातात तराजू आहे. आपला तराजू सर्व भूतांविषयी सम आहे, असे तो सांगतो. आजवर आम्ही या कथेचा अर्थ असा घेत आलो की, विक्रेत्याने तुलाधार व्हावे. परंतु ग्राहकाच्याही हाती एक तराजू असतो, हे आम्ही विसरलो होतो. दुकानदार वस्तू तोलतो आणि ग्राहक दुकानदाराला तोलतो. त्या दिवशी पंपावर दोन मापे होती. त्या मुलाचे माप रेषेला टेकले. आमचे टेकले नाही. पस्तीस आणि अडतीस यांतील फरक आम्ही एका माणसाच्या अब्रूच्या पारड्यात टाकला आणि वर ‘बाहेरून आलेले’ हे खोटे वजनही त्यात पडू दिले.

मग तपासूच नये काय? तसे नव्हे. दोन गोष्टींतील भेद जाणला पाहिजे. माप तपासणे निराळे आणि माणूस हीन ठरवणे निराळे. पहिले हे कर्तव्य आहे आणि ते दर वेळी, सर्वांच्या बाबतीत, आवाज न चढवता करावयाचे असते. दुसरे हे पाप आहे. कारण त्यात पुराव्याच्या आधी निकाल दिलेला असतो. जो नित्य शांतपणे शून्य पाहतो, त्याला एखाद्या दिवशी ‘चोर’ म्हणून ओरडण्याची पाळी येत नाही. आम्ही शून्य पाहिले नाही, म्हणूनच आम्हांला संशय घ्यावा लागला. आळसाने सोडलेली दक्षता रागाच्या रूपाने परत येते, असाच हा प्रकार होता.

आणि ग्राहकांनी आपले माप कधी तपासले आहे काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे व हजारांच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा काही दिवस पंपांवर त्या घेण्याची सवलत होती. ज्यांना एरवी शंभराचे पेट्रोल पुरे, त्यांनी हजाराची नोट पुढे करून सुट्ट्यांसाठी नोकरांशी भांडण मांडले. मे २०२३ मध्ये दोन हजारांची नोट मागे घेण्याचे जाहीर होताच पुन्हा तेच दृश्य दिसले. फाटकी, चिकटवलेली नोट खपवण्याच्या दोन जागा आपल्या समाजाला ठाऊक आहेत : एक गर्दीच्या वेळचा पंप व दुसरी देवाची दानपेटी. दोन्हीकडे हात पुढे करणारा तक्रार करीत नाही, हेच त्याचे कारण. देवस्थानची पेटी उघडताना आम्ही ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. पंपावरील मुलगा चुकून शंभर रुपये अधिक परत देतो, तेव्हा ते संध्याकाळी त्याच्या पगारातून वजा होतील, हे ठाऊक असूनही कितीजण गाडी वळवून परत येतात? मापात पाप विक्रेत्यानेच करावे असा काही दंडक नाही.

यांशिवाय काही असे असते की ज्याचे माप कोणत्याच यंत्रावर उमटत नाही. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असते आणि ते शरीराला घातक आहे. २०२० सालापासून देशभर लागू झालेल्या नव्या मानकांतही त्याचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालते. आपण ती वाफ दोन मिनिटे हुंगतो व नाकाला रुमाल लावतो. तो मुलगा आठ तास तिच्यात उभा असतो. लिटरच्या भावात त्याच्या श्वासाची किंमत धरलेली नाही. ती आपण पैशांनी देऊही शकत नाही. परंतु ‘ए’ न म्हणता ‘बाळ’ म्हणणे, गाडीतून खाली उतरणे, सुटे पैसे हातात ठेवणे, फेकणे नव्हे, इतके झुकते माप द्यावयास कोणता कायदा आडवा येतो? कायद्यानेही मापात थोडी सूट ठेवलेली आहे. पाच लिटरांत पंचवीस मिलिलिटर इकडे किंवा तिकडे, इतकी तफावत यंत्राला क्षम्य आहे; कारण मनुष्याने घडवलेले माप निर्दोष असूच शकत नाही. प्रश्न इतकाच की ती तफावत कोणाकडे झुकते. सज्जन विक्रेता ती ग्राहकाकडे झुकू देतो. सज्जन ग्राहकाने संशयाच्या जागी तीच सूट माणसाला द्यावी.

विजेवर चालणारी वाहने आता वाढत आहेत. कदाचित एक दिवस तो वेशीवरचा पंप राहणारही नाही व तेथे दुसरे कसले यंत्र दुसऱ्या कसल्या आकड्यांनी वीज मोजू लागेल. तेथेही कोणीतरी देणारा असेल, कोणीतरी घेणारा असेल आणि दोघांमध्ये एक आकडा असेल. तेव्हा या प्रश्नातून आपली सुटका नाही.

आता पंपावर दुसरा मुलगा आहे. हा ओडिशाचा, मराठी व कोकणी दोन्ही मोडकी बोलतो. परंतु ते दोन शब्द त्यालाही येतात : “झिरो बघा.” पूर्वी आम्हांस ती एक ठरावीक आरोळी वाटे. आता वाटते की, खळ्यावर ‘लाभ’ म्हणून मोजणी सुरू करणाऱ्यानेही हेच सांगितले होते. तू आणि मी दोघे मिळून येथून आरंभ करतो आहोत, तू पाहा, मीही पाहतो. आम्ही गाडीतून खाली उतरतो, त्याच्या शेजारी उभे राहतो आणि शून्य पाहतो. पाहिले, असे त्याला सांगतो. मग तो नळ सोडतो. खानापूरच्या त्या मुलाचे देणे मात्र आमच्याकडे राहिलेच आहे आणि ते कोणत्या मापाने फेडावे, हे आम्हांस अद्याप समजलेले नाही.